उद्या सांगते

उलटी केलेली पर्स. उघडा मोबाइल. धाड गावच्या एसटीची तिकिटं. नववीच्या इंग्रजीची वही.

लोणारच्या स्थळाबद्दल अनुपमा एवढंच म्हणाली होती, "उद्या सांगते." तेवढ्यावरून वडिलांनी, अर्जुनरावांनी, तिचं सगळं सामान धुंडाळलं. वहीत ओळ सापडली: 'स्लीप ऑन इट म्हणजे एक रात्र जाऊ देऊन मग ठरवणे.'

"हे कोनं शिकवलं तुले? नाव सांग त्याचं!"

"मीच शिकवते, बाबा. नववीच्या पोराईले."

"मंग एवढा कायचा इचार करून राह्यली?"

"हो म्हनू का नाही, त्याचा."

अर्जुनरावांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. त्यांचा विश्वास बसला नाही.

अनुपमाला त्यांनी विचारलं बुधवारी. लोणारला सुपारी फोडून लग्न पक्कं केलं, ते त्याच्या आधीच, सोमवारी.