कोपऱ्यातला हिरवा चौकोन

चौकोन लाल झाला तो झालाच. क्रांतीने दोनदा व्होल्टेज चढवून बघितलं, दोन्ही वेळा ते आपोआप खाली आलं. तिसऱ्यांदा हात लावायची तिची हिंमत झाली नाही.

सूक्ष्म कण टिपणारा तो डिटेक्टर होता परदेशात, जमिनीच्या पोटात, आणि त्याची राखण चालली होती कोल्हापुरात, फिजिक्स विभागाच्या वरच्या मजल्यावर. तिकडची माणसं झोपलेली असतात तेव्हा इकडे सकाळ असते, म्हणून ही पाळी इकडच्यांच्या वाट्याला आलेली. समोरच्या पडद्यावर शेकडो हिरवे चौकोन, एकेक चौकोन म्हणजे डिटेक्टरमधलं एकेक चेंबर, कण टिपणारी काचेची पेटी. बहुतेक सगळी परदेशी बनावट. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एकच तेवढं कोल्हापूरचं. चौगुले सरांनी ते याच इमारतीमागच्या शेडमध्ये, काचा घासून, स्वतःच्या हातांनी चिकटवून तयार केलं होतं. नेमकं तेच आज लाल होतं.

तिकडे चेंबरांची जबाबदारी असलेल्या बाईंना फोन करून उठवलं तर त्यांनी झोपेतल्या आवाजातच निकाल दिला. आतून जळालंय, कायमचं बंद करा.

"सर येतील आता," शेजारच्या खुर्चीतला अझीम म्हणाला. दोघांची पाळी नेहमी एकत्रच असायची. "नेट गेलंय म्हणून सांग की. म्हातारा माणूस हाय, कशाला जिवाला घोर?"

क्रांतीने मनात हिशेब केला. नेट गेल्याचं उद्याही सांगता येईल, परवाही. नंतर काय?

सर निवृत्त झाले तरी रोज सकाळी यायचेच. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचं, तिथून इकडे यायचं, चपला दाराबाहेर काढायच्या आणि क्रांतीच्या पाठीमागे उभं राहून चष्मा लावायचा. कोपरा बघायचा. "हाय नव्हं? बरं हाय," म्हणायचं आणि चालू लागायचं. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत, चहा म्हटला तर हात हलवायचे.

त्या "बरं हाय"साठीच तर क्रांतीने हे सगळं केलं होतं.

दिवाळीनंतर ते चेंबर जरा जास्तच करंट ओढायला लागलं. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर करंट गेला की चौकोन लाल होतो आणि पिंपिं वाजायला लागतं. वाजलं की तिकडे कळवायचं, असा नियम. मग ते लोक व्होल्टेज उतरवतात, चेंबरला काही आठवडे विश्रांती देतात आणि तोवर चौकोन करडा राहतो. पहिल्यांदा वाजलं तेव्हा जिन्यात सरांच्या चपलांची करकर ऐकू येत होती. क्रांतीने घाईघाईने मर्यादाच थोडी वाढवली. चौकोन हिरवा झाला, सर खूश होऊन गेले. पुढे पुढे ती सवयच पडली. वाजलं की मर्यादा थोडी वर, वाजलं की थोडी वर. फार नाही, चिमूटभर. कळवायचं म्हणून ती रोज ठरवायची आणि उद्यावर ढकलायची. आपण सरांवर माया करतोय असं तिला वाटायचं. आज त्या मायेची तिला लाज वाटत होती.

जिन्यात करकर वाजली. आवाज दाराशी थांबला आणि सर आत आले. नेहमीसारखा त्यांनी चष्मा लावला, कोपरा बघितला आणि बघतच राहिले.

"काय झालं गं?"

अझीमने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. क्रांतीने खुर्ची फिरवली.

"जळालं, सर," ती म्हणाली. "पण एकाएकी नाही. दिवाळीपासून वाजत होतं. मी कुणाला कळवलं नाही, मर्यादा वाढवत गेले."

"का?"

"तुम्हाला ते हिरवंच दिसावं म्हणून."

"मी बी वाढवली की सर," अझीम खाली मान घालून म्हणाला. "एकटी न्हाय ती."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. वर्गात एके काळी त्यांचा आवाज पार मैदानापर्यंत जायचा. पण ते चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"म्हातारं झालं हुतं त्ये," शेवटी ते म्हणाले. "आता कवाबी कुरकुर करंल, ह्ये मला ठावं हुतं. त्याच वक्ताला इसावा दिला असता तर आनखी चार वर्सं ओढलं असतं. म्हनून तर गुडघं दुखत असताना रोज ह्यो जिना चढत हुतो." त्यांनी चष्मा परत लावला. "हिरवं बघायला कोन येतंय, पोरी? मी लाल बघायला येत हुतो."

तेवढ्यात पडद्यावर पुन्हा पिंपिं झालं. खालच्या ओळीतला, कुठल्याशा दुसऱ्याच देशाचा एक चौकोन लाल झाला होता. क्रांतीचा हात सवयीने माउसवर गेला आणि बाण थेट मर्यादेच्या आकड्यावर जाऊन थांबला.

सरांनी बाजूची रिकामी खुर्ची ओढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिथे बसले.

"हात काढ," ते म्हणाले. "वाजू दे त्येला."