बिनभट्टीचे बोल्ट

शोध पास झाला तर कारखान्यातले केमिस्ट पोतनिसांना मॅनेजरची खुर्ची आणि पेटंटवर स्वतःचं नाव मिळणार होतं. जस्ताचा मुलामा चढवलेले बोल्ट चार तास भट्टीत भाजावे लागतात. नाहीतर ठिसूळ होऊन दोन-चार दिवसांनी अचानक तुटतात. पोतनिसांच्या नव्या रसायनाला म्हणे भट्टीच नको होती. चाचणीत विसातला एक तुटला, तो त्यांनी गुपचूप खिशात घातला.

शोध पास झाला आणि तसलेच बोल्ट जत्रेतल्या आकाशपाळण्याला लागले. मालकीण अनसूयाबाईंची रीत ठरलेली होती. "सायेब, ज्याचा माल, त्याची पहिली फेरी!"

पाळणा टोकावर पोचला, कुठलासा सांधा करकरला आणि पोतनिसांनी दांडा दोन्ही हातांनी कवटाळला. "थांबवा! बोल्ट कच्चे आहेत!"

चाक जागच्या जागी थांबलं.

"अहो, आधी मला उतरवा!"

"कच्च्या बोल्टांवर चाक फिरवू व्हय? बसा तितंच!" म्हणत बाईंनी पाना देऊन नवऱ्याला वर चढवलं.

बोल्ट बदलले, पोतनीस धडधाकट उतरले. किंमत मोजली ती बाईंच्या नवऱ्यानं: सातवा बोल्ट पान्याखालीच तुटला, तेव्हा त्याची दोन बोटं गेली.