टेबलावरचं नाव

"माझं नाव नगं, अण्णा," नागोजी म्हणाला. "टेबल तुझं हाय. तुझंच ऱ्हाऊ दे."

परशरामानं पटाशी खाली ठेवली. नव्या टेबलाच्या पुढच्या पट्टीवर 'परशराम' कोरून झालं होतं आणि शेजारी 'ना' एवढं एकच अक्षर. उद्या खंडेनवमी. हत्यारं एकदा पूजेला बसली की त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. जे कोरायचं ते आज, आणि जे बोलायचं तेही आजच, असं त्यानं सकाळीच ठरवलं होतं.

टेबल म्हणजे काय, तर सागवानी फळा, त्याच्या मधोमध भोक, भोकातून वर आलेला लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला नटानं आवळलेलं पातं. पातं गरगर फिरायचं. त्याला फळी लावली की चौकटीची नक्षी अशी सरसर निघायची, की दिवसभर रंधा ओढणाऱ्यानं कपाळावर हात मारावा. दांडा फिरवायला पत्र्याच्या भिंतीपलीकडं बैलगाडीचं चाक उभं केलेलं, आणि चाकावरून भिंतीतल्या भोकातून आत आलेला चामडी पट्टा. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं फळी धरायची. मध्ये भिंत, त्यामुळं एकाला दुसरा दिसत नसे.

गाडीच्या चाकाची अक्कल नागोजीची. परशरामाचा चुलतभाऊ तो, आणि खरं बोलायचं तर हात परशरामापेक्षा एक पायरी वरचा. पण बारा वर्षांपूर्वी पहिलं टेबल झालं, तेव्हा पट्टीवर नाव कोरलं गेलं एकट्या परशरामाचं. येळ्ळूर गाव त्याला परशरामाचं टेबल म्हणू लागलं, निपाणीचे वर्धमान शेटजीही तसंच म्हणाले, आणि हा बाबा मिशीला पीळ देत ते ऐकत राहिला. नागोजी चकार शब्द बोलला नाही.

त्या वर्षी शेटजी दसऱ्याला ते टेबल बघायला येणार होते. पसंत पडलं तर त्यांच्या नव्या घराच्या साऱ्या चौकटी येळ्ळुरात होणार होत्या. फळी परशराम धरणार होता, चाक नागोजी फिरवणार होता.

परशरामाला कुठला दम निघतोय? आदल्या दिवशी, खंडेनवमीला, टेबलाला झेंडूचा हार घातलेला असताना त्यानं तो गुपचूप उतरवला. "आज नगं, पाप लागंल," असं बायको मालुबाई म्हणत होती. तिलाच चाकाला लावून त्यानं दोन फळ्या काढल्या. मग पातं धार लावायला सोडलं, परत बसवलं, तेवढ्यात अंगणात कुणाचं तरी पाऊल वाजलं. घाईघाईत हार पुन्हा चढला. नट पान्यानं आवळला, की नुसता बोटांनी बसवला? काही केल्या आठवेना. नट सैल असला तर फिरतं पातं सुटून फळी धरणाऱ्याच्या छातीत बसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण हार दुसऱ्यांदा काढायचा धीर झाला नाही. सकाळी बघू, म्हणून तो झोपला.

दसऱ्याला उजाडताच तो चाकाला आपट्याची पानं वाहायला गेला. पानं वाहिली आणि सवयीनं चाकाला एक झोका दिला. भिंतीपलीकडून किंकाळी आली.

नागोजीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. पान्याजवळ, भुश्शात नट पडला होता.

"नट बघत हुतो, अण्णा," नागोजी एवढंच म्हणाला.

परशराम काय समजायचं ते समजला. टेबल माळ्यावर गेलं. त्यानं नागोजीला घरात घेतलं, त्याच्या पोरीचं लग्न लावलं. जेवताना पहिली भाकरी नागोजीच्या ताटात पडायची आणि नागोजी ती मुकाट्यानं मालुबाईकडं परत सरकवायचा. भाऊ असावा तर असा, असं गाव म्हणायचं. ते ऐकलं की परशरामाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता दुसरं महायुद्ध संपलं होतं, सागवान मिळू लागलं होतं, गिऱ्हाइकं मागं लागली होती. नवं टेबल करीन, पण नाव दोघांचं, असं परशराम म्हणाला होता.

त्यानं बंडीच्या खिशातून नट काढला. बारा वर्षं जवळ बाळगून तो गुळगुळीत झाला होता.

"नागोजी, आज ऐकून घे," तो म्हणाला. "मी त्या खंडेनवमीला टेबल चालवलंतं. पातं सोडलं, परत बसवलं, आनि नट तसाच सैल ठेवला. तू माझ्यासाठी तो आवळायला गेलास, आनि मीच चाक फिरवलं. तुझी बोटं मी खाल्ली रं. शिव्या घाल, थोबाडीत मार, पर काय तरी बोल."

नागोजीनं डावा हात पुढं केला आणि नट तळव्यावर घेतला.

"बारा वर्सं हेच घिऊन बसलास व्हय?"

"व्हय."

"मालुवैनीला ठाऊक हाय?"

"नवमीला चाक तिनंच फिरवलंतं. ती बी रडती."

नागोजीनं पट्टीवरच्या त्या 'ना'वरून अंगठा फिरवला. उजव्या हाताचा, उरलेला.

"लई येळा सांगायला आलतो, अण्णा," तो म्हणाला. "पर दर येळी तू भाकरी वाढायचास."

"काय सांगायला?"

नागोजीनं नट अलगद टेबलावर ठेवला.

"नट सैल नव्हता, अण्णा. चांगला घट्ट आवळला हुतास. सोडताना मला घाम फुटला."