अस्तरातली गाठ

यंदाच्या उन्हाळ्यात लिंबू रंगाची फॅशन होती, म्हणून कारखान्यात बाईंच्या टेबलावर सकाळपासून लिंबू रंगाच्या कापडी फुलांचा ढीग पडला होता. तारेच्या कड्याला फुलं टाचायची, आतून मऊ अस्तर लावायचं, की झाला डोक्यावर मिरवायचा मुकुट. उन्हापासून त्यानं काडीचाही बचाव होत नसे. तरी तो घातल्याशिवाय उन्हाळा आल्यासारखं कुणाला वाटत नसे.

प्रत्येक मुकुटाच्या अस्तराखाली बाई निळ्या दोऱ्याची एक गाठ मारत. कपाळाच्या मधोमध. ओढली की आणखी आवळणारी. ती सोडवायची युक्ती बाईंनी फक्त लेकीला शिकवली होती, ती लहान असताना. नवऱ्याला काही ती जमली नाही. तो सरळ कात्री लावायचा.

लेक घर सोडून गेली त्याला नऊ उन्हाळे झाले. तिनं परस्पर लग्न ठरवलं, आणि रागाच्या भरात बाई "परत तोंड दाखवू नकोस" बोलून बसल्या. लेकीनं ते खरं केलं. जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा पुन्हा कळलं नाही.

मुकुट कुठल्या कुठल्या दुकानांत जात, दुकानदार आपापली लेबलं लावत. एखादा कधीतरी तिच्या हाती पडेल, आत काहीतरी टोचेल, एवढीच आशा. पहिली काही वर्षं गाठ मारताना बाई लेकीचं नाव पुटपुटायच्या. आता तेही होत नसे. बटण लावावं तशी गाठ मारायची आणि पुढचा मुकुट ओढायचा.

"तिचे कपडे किती दिवस सांभाळणार आहेस?" सकाळीच नवऱ्यानं विचारलं होतं. "रविवारी देऊन टाकू."

"रविवारी तुम्ही पत्ते खेळायला जाता."

"मग शनिवारी. माझ्यापुरती ती मेली. तूही सोड आता."

बाई "बरं" म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, इतक्या सहज.

नवरा नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाला होता, पण खोड गेली नव्हती. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याच्या ठोकळ्यासारख्या अक्षरांत नावं होती. पडद्याचं माप लिहायचं तरी आकड्याच्या दोन्ही बाजूंना बाण काढायचा. रविवारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मित्राकडे पत्ते कुटायला जाई. दर वेळी हरून येई, आणि तरी शीळ घालत येई.

दुपारी कारखान्याच्या मालकीणबाईंनी दुरुस्तीची पिशवी टेबलावर ठेवली.

"हा आधी घ्या. आपलाच आहे. लहान करून हवाय."

जुना मुकुट हातात आला की बाईंचं बोट आपसूक अस्तरावर जाई. आज तिथले दोन टाके उसवलेले होते. बाईंनी बोट आत घातलं. गाठ नव्हती.

निळा दोरा होता. कापलेला नव्हता, तुटलेला नव्हता. अलगद सोडवून, गुंडाळून परत आत ठेवलेला होता.

बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. गाठीची वळणं अजून दोऱ्यात होती. रडू फुटेल असं वाटलं, पण आलं नाही.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कुणी आणून दिला हा?"

"दुकानात कुणी वयस्कर गृहस्थ देऊन गेले म्हणे, रविवारी. मापाची चिठ्ठी आहे बघा पिशवीत."

चिठ्ठी नीट चार घड्या घालून ठेवलेली होती. बाईंनी ती उघडली. ठोकळ्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नातीला मोठा होतो. घेर ५० सेंमी करावा.'

पन्नासच्या दोन्ही बाजूंना बाण होते.