पानं जुळली

टाचण्या काढून, दुमडलेले कोपरे सरळ करून विश्वजीतनं संभाजीनगरच्या भूमी अभिलेख ऑफिसातली अख्खी रेकॉर्ड रूम स्कॅनरला भरवली. या स्कॅनरमध्ये कागदाची लिहिलेली बाजू खाली ठेवायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. साहेबांनी एकही पान उघडून बघितलं नाही. पानांची संख्या जुळली, तेवढ्यावर त्यांचा सत्कार झाला आणि अस्सल कागद रद्दीत गेले.

आज फुलंब्रीहून मनकर्णाबाई घराच्या वारसनोंदीची नक्कल घ्यायला आल्या. प्रिंट बघून विश्वजीतला म्हणाल्या, "साहेब, ह्यो तर निस्ता कोरा कागद हाय."

विश्वजीतनं कागद दोन्ही बाजूंनी बघितला.



"थांबा मावशी, शिक्का राहिला," म्हणत त्यानं त्यावर ठसठशीत मारला: 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'.