सुईचं टोक

मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे कागदावर जुळवून चिकटवायचे, मगच नवी सुई मिळायची. कारखान्याचा नियमच तसा. मावशीला दोनच तुकडे सापडले. टोक गायब.

"पडलं असेल कुठेतरी," मालक म्हणाला. "दे शिवून. गाडी येतेय."

"आणि दुपट्यात राहिलं असेल तर?"

"तुझं आपलं काहीतरीच."

काहीतरीच म्हणे. टोचणार होतं ते कुणाच्या तरी तान्ह्या बाळाला, ह्याला थोडंच!

शाळेला सुट्टी म्हणून पाच वर्षांची भाची आली होती. टाचण्या वेचायचा लोहचुंबक घेऊन मशीनखाली बसली होती. कात्री चिकटली. बटण काही चिकटेना.

"मावशी, बटण रुसलंय."

मावशी बघतच राहिली. मग तिने एक कापड ताणलं, वर टाचणी ठेवली आणि खालून चुंबक फिरवला. टाचणी तुरुतुरु चालायला लागली.

पोरीचे डोळे बशीएवढे झाले. "तिला पाय आहेत?"

"चुंबक ओढतो तिला. मध्ये कापड असलं तरी. लोखंड कुठेही दडू दे, ह्याला कळतं."

"मी करू? मी करू ना."

दोन-तीनदा टाचणी पळवून झाल्यावर मावशीने दुपटं ताणून धरलं. "आता ह्यात एक चोर लपलाय. सावकाश फिरव. एक बोटभरही जागा सोडायची नाही."

पोरीने श्वास रोखला. चुंबक सरकत गेला आणि अडला. उचलला तर कापडही त्याच्यासोबत वर आलं.

"सापडला, मावशी, सापडला!"

मावशीने टाके उसवले. कागदावर सुई पुरी झाली. पोरगी एका पायावर नाचत सुटली.

"झालं समाधान?" मालक म्हणाला. "बांधा आता."

पण पोरीचा हात थांबला नव्हता. "मावशी, इथे पण ओढतोय."

दुसरं टोक निघालं. जाड सुईचं. तसली सुई एकाच मशीनला होती, आणि सकाळी घाई म्हणून त्या मशीनवर खुद्द मालक बसला होता. त्या मशीनचा कागद मात्र कोरा होता, एकही तुकडा चिकटवलेला नव्हता.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघू लागला.

बाहेर हॉर्न वाजला. मावशीने बांधून ठेवलेल्या अकरा दुपट्यांची सुतळी कात्रीने कापली आणि पहिलं पसरलं.

पोरगी चुंबक सावरत मालकासमोर उभी राहिली. "काका, तो कोपरा धरा. आणि ढिला सोडू नका."