पंख्याची दोरी

"दयेचा अर्ज करू," इंद्रभान वकील म्हणाले. "सरकार दोन-तीन वर्षं तरी माफ करेल."

"दया चोरानं मागावी," रुपाबाई म्हणाली. "माह्या नवऱ्यानं चोरी केली नाई. अपील करा."

वकिलांनी कपाळाला हात लावला. शेलूबाजारच्या दरोड्यात तिच्या नवऱ्याला, हेमलाला, सात वर्षं सक्तमजुरी झाली होती. त्या दिवशी तो किन्हीराजा गावात जगदेवच्या मळ्यात कामावर होता. जगदेवनं वाशीमच्या कोर्टात तसं सांगितलंही, पण कोणी मनावर घेतलं नाही. अपिलाची मुदत संपायला चार दिवस उरले होते आणि बाई काही केल्या ऐकेना.

"बाई, तोच पुरावा नागपूरच्या नव्या हायकोर्टात नेऊन काय उपयोग? नवा मुद्दा पाहिजे."

"हाये ना. जगदेव बोलत होता तवा एक असेसर झोपला होता."

वकील ताठ बसले. जज्जाच्या शेजारी बसून खटला ऐकायचा आणि मत द्यायचं, यासाठी तर ते असेसर! त्यातल्या एकानं आरोपीचा साक्षीदारच ऐकला नसेल, तर अख्खा खटला पुन्हा चालेल. मे महिन्यातली ती तारीख त्यांना आठवली. फौजदाराच्या साक्षीला सगळे घामानं निथळत होते. जगदेव उभा राहिला तेव्हा मात्र खुद्द त्यांनाही जांभया आवरत नव्हत्या.

"पाहिलं कोणी?"

"माह्या बापानं." तिनं दाराशी बसलेल्या लखीरामकडे बोट केलं. म्हातारा पायाचा अंगठा उगाच हलवत होता. "व्हरांड्यात बसून कोर्टाचा पंखा थोच ओढते. भितीतल्या दोरीच्या भोकातून समदं दिसते."

वकिलांनी या माणसाला वीस वर्षं पाहिलं होतं. नाव आज कळलं.

"असाच एक मुकदमा मांगं नागपुरातून वापस आलता, साहेब," लखीराम म्हणाला. "म्या आयकला हाये."

वकिलांनी दयेचा अर्ज फाडला आणि अपील लिहायला घेतलं. लखीरामच्या जबानीवर त्याचा अंगठा उठला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"दैव जोरावर आहे तुझ्या जावयाचं. गडी झोपला तोही नेमका त्याच वेळेला!"

"दैव कायचं, साहेब?" लखीराम शाईचा अंगठा धोतराला पुसत म्हणाला. "फौजदाराच्या वक्ताले म्या दोरी सोडून देल्ली. जगदेव उभा राह्यला, अन् मंग पाळण्यावानी ओढली."